धागा : ‘आधुनिक मावळे’, जुनी जीप आणि पुसली जाणारी वाट

१/
पाऊस स्थिरावला की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील उतारांवर जुन्या जीपा दिसू लागतात. त्यांची उंची वाढवलेली असते, टायर रुंद असतात, पुढे विंच बसवलेले असते. त्यांच्या चित्रफितींखाली एक वाक्य जणू छापील असते : ‘मावळ्यांच्या वाटेवर आधुनिक मावळे’. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे. त्यात जीपचा इतिहासही चुकतो आणि मावळ्यांचाही, आणि या दोन्ही चुकांची किंमत ती वाट मोजते.

२/
प्रथम जीपकडे वळू. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला पाव टन भार वाहणारी, हलकी, चारही चाकांना ओढ देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना सादर केला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलिसच्या इंजिनाची ताकद होती ६० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन सुमारे ११०० किलो. आजच्या मानाने हे इंजिन किरकोळच. गाडीचे सामर्थ्य तिच्या हलकेपणात होते. चिखलात रुतली तर चार शिपाई तिला उचलून बाहेर काढू शकत.

३/
युद्ध संपले आणि हिंदुस्थानात ‘डिस्पोजल’चा माल लिलावात निघाला. त्यात जीपाही होत्या. स्वतंत्र भारतातील पहिले मोठे खरेदी-प्रकरणही जीपचेच. १९४८ मध्ये लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कार्यालयाने सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सौदा केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या उतरल्या आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या ठरल्या नाहीत. जुनी जीप ‘नवी करून’ विकण्याचा धंदा आपल्याकडे प्रजासत्ताकाहूनही जुना आहे, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

४/
त्याच काळात मुंबईत महिंद्र कंपनीने विलिसच्या जीपा सुट्या भागांतून जुळवण्यास आरंभ केला. ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झाली होती. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. म्हणजे आपण जिला ‘विलिस’ म्हणून मिरवतो, त्या गाडीच्या नावाच्या पाटीतच फाळणी नोंदवलेली आहे.

५/
वस्तू हेही साधन आहे. ते वाचता आले पाहिजे. युद्धकालीन विलिसच्या जाळीला नऊ उभ्या खाचा असत, नागरी जीपला सात. सीजे–३बीचे बोनेट उंच दिसते, कारण तिच्यात बसवलेले नवे इंजिन अधिक उंच होते. आता एखाद्या सात खाचांच्या, उंच बोनेटच्या, मुंबईत जुळवलेल्या जीपवर हिरवा रंग आणि पांढरा अमेरिकी तारा पाहिला की काय म्हणावे? तो तारा युद्धात दोस्त सैन्याची ओळख म्हणून रंगवला जाई. त्या गाडीने ते युद्ध पाहिलेलेच नाही. याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. कागदपत्रांच्या जगात याला बनावट सनद म्हणतात.

६/
मग या गाडीने काय पाहिले? तिने पेट्रोलचे भाव पाहिले. म्हणून तिचे मूळ पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवले गेले. पुढे कंपनीनेच ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन आणि नंतर प्यूजोच्या आराखड्याचे इंजिन वापरले; एमएम ५४० हे त्या दुसऱ्या पिढीचे सर्वांत ओळखीचे अपत्य. रणगाड्यांच्या मागे धावायला जन्मलेली गाडी शेतावरच्या इंजिनाचा आवाज करू लागली. भारतीय जीपचा इतिहास सांगायचा तर या आवाजापासून सुरुवात करावी लागेल.

७/
आणि तिने वडाप पाहिले. जेथे एसटी दिवसातून एकदोनदाच येते, तेथे उरलेला दिवस जीपचा असतो. मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकडी, टपावर कॅरिअर, मागे उभे राहायला फळी, आणि भार पेलावा म्हणून पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा. भाताची पोती, दुधाचे कॅन, बाजारहाट, शाळेची पोरे, अडलेली बाळंतीण, सारे त्याच हौद्यातून गेले. हे बदल कोणा अभियंत्याने कागदावर आखले नव्हते. गावच्या नाक्यावरच्या मिस्त्रीने वेल्डिंगच्या ठिणग्यांत ते घडवले.

८/
असेच जगात अन्यत्रही घडले. महायुद्धानंतर मनिलात अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लोकांनी लांबवल्या, त्यांना छत आणि बाके बसवली. तीच ‘जीपनी’ फिलिपिन्सच्या रस्त्यांची ओळख झाली. जीपनी कापून पुन्हा १९४४ची लष्करी गाडी करावी, असे तिच्या इतिहासाचा अभिमान असणाऱ्याला सुचणार नाही. आपल्याकडे मात्र वडापची जीप भंगाराच्या भावाने घ्यायची, बाकडी गॅस कटरने कापून टाकायची, डागडुजीच्या खुणा घासून काढायच्या आणि तिला ‘ओरिजिनल’ म्हणायचे, याला जतन समजले जाते.

९/
माझे पहिले म्हणणे हे : मावळातल्या जुन्या जीपवर झालेले बदल हेच तिचे दप्तर आहे. प्रत्येक जादा पाटा एका चढाची नोंद आहे, प्रत्येक बाकडे एका न आलेल्या बसची. ते उतरवून तुम्ही गाडीला तिच्या जन्मवर्षाकडे नेत असाल, पण तिच्या आयुष्याची चाळीस पाने फाडून.

१०/
दुसरा पक्ष म्हणतो, ‘आम्ही तारा रंगवत नाही, आम्ही गाडी सुधारतो.’ तर ही सुधारणा काय असते ते तपशिलाने पाहू. जुन्या विलिसचा टायर सुमारे २८ इंच व्यासाचा. त्या जागी ३३ इंचांचा टायर बसवला की चाकाचा घेर सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शकाला हे कळत नाही : काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७०च्या पुढे असते. आणि चाकाशी पोचणारी ओढ सुमारे १५ टक्क्यांनी घटते. चढासाठी घातलेला टायर प्रथम चढण्याची शक्तीच कमी करतो.

११/
ती घट भरून काढायची तर डिफरन्शियलचे दात बदला. मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून गाडी चार इंच उचला. गाडी उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे सांधे झिजतात. जड चाक थांबवायला जुने ड्रम ब्रेक अपुरे, म्हणून डिस्क बसवा. हाफ शाफ्टवर ताण येतो, म्हणून तोही जाड करा. गुरुत्वमध्य वर गेला, तेव्हा उलटल्यास जीव वाचावा म्हणून लोखंडी पिंजरा घाला. पिंजरा, विंच आणि भक्कम बंपर मिळून वजन वाढले, म्हणून इंजिन बदला. ‘अगं अगं म्हशी’च्या चालीने निघालेला हा खर्च थांबतो तेव्हा मूळ गाडीतील नोंदणी क्रमांक तेवढा उरलेला असतो.

१२/
हा छंद कोणी आपल्या पैशाने करावा. त्याविषयी माझी तक्रार नाही. त्यात कौशल्य आहे, यंत्राची खरी समज आहे, आणि नवी गाडी घेऊन जुनी टाकून देण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. माझा आक्षेप त्याला ‘वारसा जपणे’ म्हणण्याला आहे. जीपचे तत्त्व होते हलकेपणा. तिच्यावर शेकडो किलो लोखंड चढवून त्या तत्त्वाचा वारस म्हणवून घेता येत नाही.

१३/
कायद्याचे टोकही येथे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. या कसोटीवर वडापच्या जीपाही अनेकदा नापास होतील, हे उघड आहे. म्हणून माझा युक्तिवाद मी कायद्यावर उभारत नाही. प्रश्न आहे तो बदल कोणत्या गरजेतून झाला आणि त्याचा भार कोणी वाहिला, हा.

१४/
तो भार आज वाट वाहते. म्हणून आता वाटेकडे. सह्याद्रीच्या घाटवाटा गाडीसाठी झाल्याच नव्हत्या. त्या पायांसाठी आणि खुरांसाठी झाल्या : लदणीचे बैल, तट्टू, डोईवर ओझे घेतलेली माणसे. पुण्याहून कोकणाकडे उतरणाऱ्या बोरघाटातही चाकांच्या गाडीचा रस्ता १८३० मध्ये, माल्कमच्या कारकिर्दीत झाला. आणि तो हमरस्ता होता. आडबाजूच्या वाटा त्यानंतरही पायवाटाच राहिल्या. मराठीत ‘चाकोरी’ म्हणजे चाकाने पाडलेली खोल रेघ. मावळातील वाटांचे वैशिष्ट्य हेच की त्यांना चाकोरी नव्हती.

१५/
या वाटांचे जाळे म्हणजेच बारा मावळांचा नकाशा. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ. खोरे म्हणजे नदी, आणि खोरे खोऱ्याला जोडते ती खिंड. वेल्ह्याच्या पश्चिम कडेवरून, केळदजवळच्या मढे आणि उपांड्या घाटांनी किंवा मोहरीजवळच्या नाळांनी, कोकणात उतरता येते. तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठ्याला नेला तो मढे घाटाने, असे परंपरा सांगते. रायगडापूर्वी सुमारे पाव शतक राजगड राजधानी होता. तेव्हा या वाटा म्हणजे राज्याच्या रक्तवाहिन्या होत्या.

१६/
यातील किती वाटा उरल्या? वेळवंडीवर १९२०च्या दशकात भाटघरचे मोठे धरण झाले आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की दिसते, एरवी बुडालेले असते. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. खालच्या वाटा पाण्याने घेतल्या. उरल्या त्या उतारांवरच्या, माचीकडे आणि खिंडीकडे जाणाऱ्या. नेमक्या त्याच आज चाकांना हव्या आहेत.

१७/
उतारावर चाक काय करते ते समजून घ्या. पाऊल पडते आणि उचलते. दोन पावलांमध्ये गवत शाबूत राहते. खुराचेही तसेच. चाकाची रेघ मात्र अखंड असते, आणि ती चढाच्या दिशेने सरळ जाते. अडकलेले चाक जागीच फिरले की वरची माती, तिला धरून ठेवणारी मुळे आणि खालचा मुरूम तिन्ही उघडे पडतात. या भागात पाऊस कोसळतो तेव्हा पाण्याला वाहायला तयार पन्हळ मिळते. एका मोसमात रेघेची ओघळ होते. ओघळीतून चढता येत नाही म्हणून पुढची गाडी शेजारून जाते. मग दोन ओघळी.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची धास्ती का वाटावी? कारण वाट हा लेख आहे. तिची रुंदी सांगते की ती बैलांची की माणसांची. तिचे वळण सांगते की पाणी कोठे होते, मेट कोठे होते, गडावरून नजर कोठवर पोचत होती. मध्येच आढळणारी फरसबंदी, खोदीव पायरी, पाण्याचे टाके, कडेची वीरगळ या तिच्यातील ओळी. शिलालेख फुटला तर निदान ठसा मिळू शकतो. वाट वाहून गेली तर ठसा कशाचा घ्यायचा?

१९/
आता ‘मावळे’ या शब्दाकडे. जुलै १६६०ची पन्हाळ्याहून विशाळगडाकडची रात्र आठवा. पाऊस, चिखल, पाठीवर शत्रू, आणि पालखी घेऊन पायी धावणारे हिरडस मावळचे बांदल. बाजीप्रभू देशपांडे त्याच मावळातले. त्या रात्री त्यांच्यापाशी होते ते पाय, दम आणि जमिनीची जाण. निसर्गाला यंत्राच्या बळाने नमवणे हा त्यांचा धर्म नव्हता. डोंगराचा अडसर आपल्या बाजूने लढायला लावणे हा त्यांचा डाव होता. आपल्या अडसरांवर चढण्यासाठी लोखंड आणि बळ घेऊन येणारे त्या कथेत दुसऱ्या बाजूला होते. हे बोलायला कटू आहे, पण ‘आधुनिक मावळे’ म्हणणाऱ्यांनी आपली बाजू एकदा तपासून पाहावी.

२०/
हे माझ्या मनचे नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचा. गडाच्या वाटा सुगम नसाव्यात, सुगम असतील तर त्या मोडून त्यांवर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड मार्ग घालावा, असा त्यात स्पष्ट उपदेश आहे. गडाच्या भोवतालची झाडी हे गडाचे संरक्षण मानून तिला हात लावण्याचीही मनाई आहे. म्हणजे वाटेची दुर्गमता हा दोष नव्हता. ती तटबंदीइतकीच विचारपूर्वक राखलेली रचना होती. ती दुर्गमता चाकाखाली घालणे म्हणजे तटाचा दगड काढण्यासारखेच आहे.

२१/
आक्षेप पहिला : ‘डोंगर फोडून बंगल्यांचे प्लॉट पाडणारे जेसीबी आम्हांहून शतपट हानी करतात.’ खरे आहे, आणि त्यांच्याविरुद्धही लिहिलेच पाहिजे. परंतु प्लॉट पाडणारा स्वतःला मावळा म्हणवत नाही. तुम्ही त्या नावाने श्रेय मागता, म्हणून जाबही त्याच नावाने द्यावा लागतो.

२२/
आक्षेप दुसरा : ‘दरड कोसळली, पूर आला की आमच्याच गाड्या मदतीला धावतात.’ धावत असतील, तर त्यांना मानाचा मुजरा. वडापच्या जीपची परंपरा तीच : अडलेल्यापर्यंत पोचणे. तेव्हा मार्ग गरज ठरवते. अडलेले कोणी नसताना, केवळ अडकण्याची मौज म्हणून उतार निवडणे हे वेगळे कृत्य आहे. पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा खर्च टाकू नये.

२३/
आक्षेप तिसरा : ‘गावाला चार पैसे मिळतात.’ मिळावेतच. पण ते कोणत्या वाटेने येतात? गाडी पायथ्याच्या गावात उभी केली, तेथेच जेवण घेतले, वाटाड्याला योग्य बिदागी दिली, दुरुस्ती गावच्या मिस्त्रीकडून करून घेतली, तर अधिक पैसे अधिक घरांत जातात. आणि चिखलाचाच खेळ हवा असेल तर मालकाच्या संमतीने खासगी जमिनीवर, बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत तो मनसोक्त खेळावा. तेथे माझा विरोध संपतो.

२४/
हे आजच सांगण्याचे कारण : जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा यादीत घेतली. बारा दुर्गांच्या त्या मालिकेत वेल्ह्याचा राजगड आहे. त्याआधी २०२४ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय घेतला. नामांकनातील शब्द नीट पाहा : ‘भूदृश्य’. त्यात तट-बुरुजांबरोबर उतार, माची, रान आणि वाट हे सारे आले. आपण सन्मान भूदृश्याचा घेतला आणि राखायला निघालो फक्त दरवाजे, तर तो सन्मान पुतळ्याला हार घालण्यापुरता राहील.

२५/
म्हणून या धाग्याच्या वाचकांकडे तीन मागण्या. एक : जुनी जीप घेतलीत तर काही उतरवण्याआधी तिची छायाचित्रे काढा, पाटे, बाकडी, वेल्डिंगचे जोड, रंगाचे थर. जुने आर. सी. बुक आणि गॅरेजच्या पावत्या फेकू नका. दोन : भोर, वेल्हे, नसरापूरच्या बाजारात जुने मिस्त्री आणि वडापचे चालक आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. कोणते इंजिन कोठून आणले, कोणत्या चढाला कोणता गिअर लागे, पावसात कोणता मार्ग बंद होई : हे कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

२६/
तीन : घाटवाट चालत जा आणि तिची नोंद करा. कोठे पायरी आहे, कोठे फरसबंदी उखडली आहे, कोठे नवी ओघळ पडली आहे. दर पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घ्या, तारीख लिहा. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. पायथ्याशी किंवा वाटेवर चाकांचे ताजे चर दिसले तर राज्य पुरातत्त्व विभागाला आणि वन विभागाला छायाचित्रासह लेखी कळवा. समाजमाध्यमावरची चिडचिड दोन दिवसांत खाली जाते, आवक-जावक क्रमांक पडलेला अर्ज दप्तरात राहतो. या पावसाळ्यानंतर अशा नोंदी कोणी केल्या, तर त्या या धाग्याखाली जोडाव्यात. गावाचे आणि वाटेचे नाव, तारीख, आणि छायाचित्र.